मध्यंतरापर्यंत बरा आहे

आमच्या गिरगावच्या वाडीत सिनेमा पाहायचा एकाने आणि मत द्यायचं बावीस बिऱ्हाडांनी. सगळ्यांनी सगळे सिनेमे पाहावेत एवढा पैसा कोणाच्याच गाठीला नव्हता. असता तरी तो सिनेमावर उधळू दिला नसता. तेव्हा महिन्याकाठी कोणीतरी नवीन लग्न झालेलं जोडपं, सुट्टीला आलेला एखादा मामा, नाहीतर शाळेला दांडी मारलेला एखादा दिवटा सेंट्रलला किंवा रॉक्सीला जाऊन यायचा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नळावर तो सिनेमा सार्वजनिक व्हायचा.

जाऊन येणाऱ्याला सिनेमा सांगावा लागे. तशी रीतच होती. एकट्याने पाहून गप्प बसणारा माणूस आतल्या गाठीचा समजला जाई. सांगणाऱ्यांत गॅलरीच्या टोकाच्या खोलीतल्या काकूंचा हात कोणी धरला नसता. तीन तासांचा सिनेमा त्या साडेतीन तासांत सांगायच्या. दुपारी जेवणं आटोपली, की तांदळाचं सूप मांडीवर घेऊन बसत आणि खडे वेचता वेचता नायिकेचं लग्न मोडत. ‘आता इथे एक गाणं आहे’ असं म्हणून दोन ओळी गुणगुणत, त्याही आपल्या चालीवर. नायकाची आई म्हणजे ‘अगदी आपल्या पोस्टातल्या वहिनी, फक्त पांढऱ्या साडीत’, आणि खलनायक म्हणजे ‘आपला भाडेवसुलीवाला, सूट घातलेला’. त्यामुळे पुढे कधी तो सिनेमा प्रत्यक्ष पाहिलाच, तर पडद्यावरच्या नटाला बघून आपली ओळख फसल्यासारखं वाटायचं.

मुलांचं सांगणं निराळं. त्यात गोष्ट कमी आणि ‘ढिश्यांव’ जास्त. जिन्याखाली अख्खी मारामारी करून दाखवली जाई. ‘शोले’ १९७५च्या १५ ऑगस्टला लागला आणि मिनर्व्हाला पाच वर्षं हलला नाही. त्या पाच वर्षांत आमच्या जिन्याखाली किती गब्बर झाले त्याला गणती नाही. जय व्हायला कोणी तयार नसे, शेवटी मरावं लागतं म्हणून.

आणि ती गाण्याची पुस्तकं आठवतात? थेटराबाहेर मिळायची, पातळ, गुलाबी नाहीतर पिवळट कागदाची. आत सगळी गाणी, सुरुवातीला गोष्टीचा सारांश, आणि नेमकी नायिका संकटात सापडली की ‘पुढे काय झाले ते रुपेरी पडद्यावर पाहा’. छापणारा मोठा लबाड. पण आमच्याकडे काकू होत्या. अर्धी गोष्ट पुस्तकात वाचायची, उरलेली काकूंकडून ऐकायची, गाणी रेडिओवर ऐकायची, की झाला सिनेमा पाहून. फाटलेल्या पुस्तकांना सुईदोऱ्याने टाके घातले जात, आणि ती ट्रंकेत स्तोत्रांच्या पोथ्यांशेजारी जायची. आजीला ते खपत नसे, पण ती काढूनही टाकत नसे.

मतांचे आमचे ठरलेले शिक्के होते. बंडल. टुकार. डोक्याला ताप. ठीक. एकदा बघायला हरकत नाही. पैसे वसूल. आणि या सगळ्यांवर मात करणारा, कोणालाही न दुखावणारा, ‘मध्यंतरापर्यंत बरा आहे’. हा शिक्का फार कामाचा. सिनेमा ज्याने सुचवला त्याचाही मान राहायचा आणि ज्याचे पैसे गेले त्याचाही. ‘फोटोग्राफी छान आहे’ याचा अर्थ ‘जाऊ नका’. ‘आपल्याला नाही बाई कळला’ याचा अर्थ पुरस्कार मिळणार. आजी फक्त एक विचारायची, ‘शेवट गोड आहे का?’ नाही म्हटलं, की तिच्यापुरता विषय संपला. घरात काय थोडी दुखणी आहेत, म्हणायची, विकत कशाला आणायची!

बायकांचं माप पदराचं. पदर किती भिजला यावर सिनेमाची योग्यता ठरायची, आणि सुका पदर घेऊन परतणं म्हणजे तिकिटाचे पैसे बुडाले. पुढे १९९१मध्ये ‘माहेरची साडी’ आला तेव्हा वाडीतल्या बायका जथ्याने गेल्या आणि लाल डोळ्यांनी, अतिशय प्रसन्न होऊन परतल्या. पुरुषांनी त्या सिनेमाला भरपूर नावं ठेवली. न पाहता.

दादा कोंडक्यांचं याच्या बरोबर उलट. ‘सोंगाड्या’ किंवा ‘पांडू हवालदार’ आमच्या मजल्यावर कोणीही पाहिलेला नव्हता. विचारून बघा, कोणीही नाही. संवाद मात्र सगळ्यांना पाठ होते.

मत द्यायचा आमचा हक्क तसा वंशपरंपरागत होता. दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३मध्ये लागला तो गिरगावातल्या कॉरोनेशनला. पहिला बोलपट ‘आलम आरा’ १९३१मध्ये लागला तो मॅजेस्टिकला. तेही गिरगावातच. आमचे आजोबा या दोन्ही गोष्टी अशा सुरात सांगत, की जणू फाळक्यांनी सिनेमा लावण्यापूर्वी त्यांना विचारलं होतं. मॅजेस्टिक पुढे पाडलं आणि तिथे दुकानं आली. आजोबा त्या दुकानांतून कधी रुमालसुद्धा विकत घेत नसत.

गणेशोत्सवात मात्र सिनेमा चालून दाराशी यायचा. भर गल्लीत पांढरा कापडी पडदा, एका अंगाला प्रोजेक्टर, आणि जागा पुरत नसे म्हणून पडद्याच्या दोन्ही अंगांना बैठक. मागच्या बाजूला बसणाऱ्यांना सगळं उलटं दिसे. नावं उलटी, आणि अमिताभ उजव्या हाताने मारामारी करणारा. त्यावरून दुसऱ्या दिवशी नळावर जुंपायची. पुढचे म्हणायचे, तो डावरा आहे. मागचे म्हणायचे, डोळ्यांनी पाहिलंय, उजवा. दोघंही शपथेवर खरं बोलत होते, त्यामुळे तो वाद मिटायला फार दिवस लागले.

मग टीव्ही. मुंबई दूरदर्शन सुरू झालं १९७२च्या २ ऑक्टोबरला. आमच्या वाडीत तो उगवला बऱ्याच उशिराने, तळमजल्यावरच्या वकीलकाकांकडे. लाकडी पेटी, तिला सरकती दारं, वर क्रोशाचा रुमाल. गुरुवारी छायागीत, शनिवारी मराठी सिनेमा, रविवारी हिंदी. दाराशी चपलांचा ढीग. मुलं पुढे जमिनीवर, बायका चटईवर, पुरुष दारात उभे, ‘आम्ही काही बघायला नाही आलो’ अशा बेतात. पडद्यावर मुंग्या आल्या की एक जण गच्चीवर पळायचा. ‘आलं का?’ ‘आलं, आलं... गेलं! अरे, होतं तिथेच धर!’ तो बिचारा अँटेना धरून उभा राहायचा आणि त्याला नंतर सिनेमा सांगावा लागायचा.

खरी चर्चा रंगायची ती ‘रुकावट के लिए खेद है’ची पाटी लागल्यावर. दिवे गेले तर आणखी उत्तम. काळोखात बसून पुढे काय होणार याचा फैसला लागायचा, आणि वीज परत आल्यावर पडद्यावर भलतंच काही निघालं, तर दिग्दर्शक चुकला असं ठरे.

‘चिमणराव’ सुरू झाल्यावर तर दोन तट पडले. दिलीप प्रभावळकरांचा चिमणराव आणि बाळ कर्व्यांचा गुंड्याभाऊ बघून आम्ही हसून लोळायचो. आजोबांचा चेहरा हलत नसे. त्यांनी १९४०च्या ‘लग्न पहावं करून’मधले दामुअण्णा मालवणकर आणि विष्णुपंत जोग पाहिले होते, आणि चि. वि. जोशींची पुस्तकं तर उशाशीच असत. ‘हा मुलगा बरा आहे,’ इतकंच म्हणायचे. काही आठवड्यांनी ते चिमणरावाच्या वेळेच्या आधी पाच मिनिटं सदरा घालून तयार बसू लागले. आम्ही कोणी काही बोललो नाही.

१९८४मध्ये ‘हम लोग’ आलं आणि बडकीच्या लग्नाची जबाबदारी वाडीने अंगावर घेतली. दारुड्या बसेसररामला काकूंनी दिलेल्या शिव्या अस्सल कोकणी होत्या. अशोककुमार शेवटी येऊन समजावून सांगायचा, पण तोपर्यंत आमच्याकडे निकाल लागलेला असे. त्याला एवढंच म्हणायचो, ‘हो, दादामुनी, हेच आम्ही म्हणत होतो.’ मग ‘बुनियाद’. शोलेवाल्या रमेश सिप्पीने हे केलंय यावर जिन्याखालच्या गब्बर मंडळींचा विश्वास बसेना. फाळणीचे भाग चालू असताना एरवी अखंड बोलणारी माणसंही बोलत नसत.

आणि १९८७च्या जानेवारीपासून रविवारी सकाळी रामायण. टीव्हीला हार, उदबत्ती, आणि आंघोळ न केलेल्यांना मागची जागा. गोष्ट सगळ्यांना पाळण्यापासून ठाऊक, तरी सुवर्णमृग दिसला की आजी दर वेळी म्हणायची, ‘नको गं मागूस!’ मतं तिथेही होती. बाण हवेत फार वेळ राहतात. रथ कागदाचे वाटतात. दारासिंग मात्र तोंडातून शब्द निघायच्या आधी पसंत.

नंतर हप्त्याहप्त्याने घरोघरी टीव्ही आले. चपला आपापल्या दारात राहिल्या. १९९९मध्ये ‘आभाळमाया’ आलं तेव्हा एकच मालिका एकाच वेळी बावीस खोल्यांत लागायची. भिंती पातळ, त्यामुळे संवाद गॅलरीभर एका सुरात ऐकू यायचे. सकाळी नळावर तेवढ्यापुरती चर्चा टिकली होती. पुढे नळही आत आले. ‘चार दिवस सासूचे’चे तीन हजारांहून जास्त भाग झाले, पण त्यांतल्या एकाचंही मत मला शेजारून ऐकल्याचं आठवत नाही.

आता नातवंडं कानाला बोंडं लावून, पांघरुणात, आपापला सिनेमा बघतात. काय झालं शेवटी, असं विचारावं, तर दुसरं नातवंड कान दाबून ओरडतं, ‘सांगू नको, माझा बघायचा राहिलाय!’ आम्ही तर सांगितल्याशिवाय जातच नव्हतो. शेवट ठाऊक नसलेल्या सिनेमाला पैसे कोण घालणार?

काकूंनी आम्हाला एक रडका सिनेमा सांगितला होता. नाव सांगत नाही, त्यांचा मान राखायला हवा. शेवटी हरवलेली मुलगी आईला पंढरीच्या वाळवंटात भेटते, आणि आई तिला हातावरच्या गोंदणावरून ओळखते. आम्ही सगळे त्यावर दोन दिवस रडलो. बऱ्याच वर्षांनी एका शनिवारी तो सिनेमा वकीलकाकांकडे लागला. सगळी वाडी पदर सावरून बसली. सिनेमा संपला. पंढरी नाही, वाळवंट नाही, गोंदण नाही. मुलगी दुसऱ्याच रिळात पोस्टाने पत्र पाठवून मोकळी झालेली. सगळ्यांच्या माना चटईवर बसलेल्या काकूंकडे वळल्या.

काकूंनी शांतपणे गुडघ्यावर हात टेकून उठता उठता सांगितलं, ‘टीव्हीवर कापून दाखवतात.’