तहांत गेलेल्या वस्तू

बारामती तालुक्यातल्या कन्हेरीचा मारुती निवडणुकीच्या दिवसांत वर्तमानपत्रांत हटकून येतो. पवार घराण्याच्या प्रचाराचा नारळ कित्येक वर्षं इथे फुटतो आहे. नारळ फुटला की भाषणं होतात. पाणी, उसाचा दर, रस्ते, पोरांना नोकऱ्या. तहाचा विषय कधी निघत नाही. आणि या मुलखातून जे जे गेलं, त्यातलं पुष्कळसं लढाईच्या आधीच कलमांत गेलेलं आहे. त्याची ही टिपणं.

वकील. दिल्लीला हिंगणे, हैदराबादला गोविंदराव काळे. दरबारात बसायचं, ऐकायचं आणि पुण्याला लिहायचं. पेशव्यांचं राज्य जेवढं घोडदळावर चाललं तेवढंच या माणसांच्या पत्रांवर चाललं. हडपसरला यशवंतराव होळकरांकडून हार झाल्यावर दुसरा बाजीराव वसईला गेला आणि 31 डिसेंबर 1802 रोजी त्याने इंग्रजांशी तह केला. त्यात एक कलम होतं की कंपनी सरकारचा सल्ला घेतल्याशिवाय दुसऱ्या सत्तेशी बोलणं लावायचं नाही. वकील तरीही राहिले, चोरून पत्रंही जात राहिली. 13 जून 1817 च्या पुणे तहाने तेही संपवलं. बाहेरचे वकील परत बोलवायचे, पुण्यात कुणाचे ठेवायचे नाहीत, जे बोलायचं ते इंग्रजांच्या रेसिडेंटमार्फत. वसईच्या तहाची गोष्ट निघाली की आपण 26 लाखांचा मुलूख आणि 6000 तैनाती फौज यांचे आकडे सांगतो. माझ्या मते सर्वांत महाग गेली ती वस्तू म्हणजे हे वकील. मुलूख परत जिंकता येतो. ज्याला शेजाऱ्याशी परस्पर बोलण्याची मुभा नाही, त्याने तो जिंकायचा कुणाच्या मदतीने?

नोकर निवडण्याचा हक्क. इंग्रजांचं ज्या युरोपीय राष्ट्राशी युद्ध असेल, त्याचा माणूस चाकरीत ठेवायचा नाही. हेही वसईचंच कलम.

निवाडा. निजामाशी आणि गायकवाडांशी पेशव्यांचे जुने हिशेब होते. वसईनंतर त्यांत मध्यस्थ इंग्रज. गायकवाडांच्या हिशेबासाठी गंगाधरशास्त्री पटवर्धन इंग्रजांच्या हमीवर पुण्याला आले आणि जुलै 1815 मध्ये पंढरपुरात त्यांचा खून झाला. त्या खुनाचं बोट बाजीरावाच्या मर्जीतल्या त्र्यंबकजी डेंगळ्यांकडे गेलं, इंग्रजांच्या कैदेतले डेंगळे ठाण्याच्या किल्ल्यातून निसटले, आणि त्यातूनच पुणे तह बाजीरावाच्या गळ्यात पडला.

मराठेशाहीचं प्रमुखपण. तेही पुणे तहातच गेलं, पेशव्याच्या स्वतःच्या सहीने. खडकीची लढाई झाली 5 नोव्हेंबर 1817 ला, म्हणजे जवळजवळ पाच महिन्यांनी. शाळेत खडकी आणि आष्टीच्या लढाया पाठ करून घेतात. तहाची कलमं मुलांसमोर कुणी ठेवत नाही, हे मला फार मोठं न्यून वाटतं.

नीरेची हद्द. आज कन्हेरीहून फलटणला जाताना नीरा ओलांडली तर जिल्हा बदलतो, एवढंच. 25 सप्टेंबर 1819 च्या तहाने छत्रपती प्रतापसिंहांना साताऱ्याचं राज्य दिलं, त्याची उत्तर हद्द नीरा आणि भीमा ठरली. त्यामुळे अलीकडचं बारामती-इंदापूर कंपनीच्या पुणे जिल्ह्यात राहिलं, आणि पलीकडे फलटणचे निंबाळकर साताऱ्याचे जहागीरदार झाले. एका खोऱ्यातली, एका भाषेची, एकमेकांत सोयरिकी असलेली माणसं एका कागदाने दोन सत्तांखाली गेली. या तहातही वसईचं तेच कलम होतं की बाहेरच्यांशी पत्रव्यवहार करायचा नाही. तेच मोडल्याचा ठपका ठेवून 1839 साली प्रतापसिंहांना गादीवरून काढलं आणि काशीला पाठवलं. त्यांच्यासाठी रंगो बापूजी गुप्ते लंडनला गेले आणि 1853 पर्यंत तिथे तहाची कलमं इंग्रजांना वाचून दाखवत राहिले. तुम्हीच लिहिलेला तह तुम्ही पाळा, एवढंच त्यांचं मागणं. ते तिथे असतानाच, 1847 साली, प्रतापसिंह वारले. पुढच्या वर्षी, त्यांच्या जागी गादीवर बसवलेला भाऊही वारल्यावर, औरस वारस नाही म्हणून साताराच खालसा झालं. फलटण तेवढं वेगळं संस्थान म्हणून उरलं. नदीवरची ही हद्द पुसली गेली 1948 साली, फलटण विलीन झालं तेव्हा. नाहीशा झालेल्या वस्तूंत या एका वस्तूबद्दल कुणाला हळहळ वाटू नये.

काठी, पांड, बिघा, चाहूर. पाच हात पाच मुठींची काठी, वीस काठ्यांचं पांड, वीस पांडांचा बिघा, एकशेवीस बिघ्यांचा चाहूर. मुलूख गेल्यावर मोजणीही गेली. कंपनीचा अधिकारी प्रिंगल याची जमाबंदी फसली, सारा झेपेना, लोकांनी जमिनी टाकल्या. मग 1835 साली गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी नव्या मोजणीला हात घातला तो इंदापूर तालुक्यातच, आणि तीच पद्धत पुढे मुंबई इलाख्यात पसरली. साखळी तेहतीस फुटांची, गुंठा तेहतीस फूट चौरस, एकर चाळीस गुंठ्यांचा. आज सातबाऱ्यावर हेक्टर-आर लिहिलेलं असतं, भावाभावांची वाटणी मात्र गुंठ्यावरच चालते. चाहूर जुन्या मोडी कागदांत उरला.

अंकुशी रुपया. 1835 चा कंपनी रुपया आला आणि पुण्याचं नाणं हळूहळू मोडीत निघालं.

ज्या देशाने आपल्याकडून हे एकेक कलमाने काढून घेतलं, त्याच देशाची हीच तक्रार पुढे युरोपबद्दल होती. 1 जानेवारी 1973 रोजी ब्रिटन युरोपीय समुदायात गेलं. तिथेही वस्तू जाऊ लागल्या. निळा पासपोर्ट गेला. पौंडाचं वजन गेलं, आणि पौंडावर केळी विकली म्हणून 2001 साली संडरलंडचा एक भाजीवाला दोषी ठरला. स्पॅनिश मालकांच्या मासेमारी जहाजांच्या खटल्यात ब्रिटिश न्यायालयाला स्वतःच्या संसदेचा कायदा बाजूला ठेवावा लागला. हे दुःख खोटं नव्हतं. स्वतःच्या बाजारातलं वजन परक्या कागदाने बदललं तर माणसाला लागतंच, मग तो संडरलंडचा असो की इंदापूरचा. पण ते युरोपात गेले आपल्या संसदेत ठराव करून. दोन वर्षांनी लोकांचा कौलही घेतला. लिस्बन करारात बाहेर पडण्याचं कलम होतं, पन्नासावं. 2016 ला पुन्हा कौल घेतला आणि 31 जानेवारी 2020 ला ते बाहेर पडले. ते बरोबर केलं की चूक, ते त्यांचं त्यांनी ठरवावं. वसईच्या तहावर राज्य सोडून आलेल्या एका माणसाची सही होती आणि त्यात परतीचं कलम नव्हतं. दोन्ही करारांना एकाच तागडीत घालणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्यावं.

पायली, शेर, मण. हीही गेली, पण कराराच्या आधी. 1875 च्या मीटर करारात भारत 1957 साली सामील झाला. त्याआधीच आपल्या संसदेने 1956 साली वजनमापांचा कायदा केला होता. इथे हुकूम आपला होता, म्हणून किलोचं दुःख कुणी केलं नाही. म्हाताऱ्या बायका ज्वारी अजून पायलीने सांगतात, त्याबद्दल त्यांच्यावर खटला होत नाही.

घरचं बी. राखेत घोळून, कडुनिंबाचा पाला घालून ठेवलेली मालदांडी ज्वारी. बियाण्याचा हक्क जागतिक करारात आला तो 15 एप्रिल 1994 च्या माराकेश करारापासून. तो पाळताना आपण 2001 साली स्वतःचा कायदा केला, आणि त्याच्या 39 व्या कलमाने शेतकऱ्याचा बी राखण्याचा, पेरण्याचा, अदलाबदलीचा आणि ब्रँडचं नाव न लावता विकण्याचा हक्क शाबूत ठेवला. करार पाळूनही घरचं राखता येतं, ते असं. हक्क आहे, मडकी रिकामी आहेत. तो दोष कराराचा नाही. कालवा आला, ऊस आला, ज्वारीची रानं गेली.

उसाचा दर. हा अजून गेलेला नाही. ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि ग्वाटेमाला यांनी 2019 साली जागतिक व्यापार संघटनेत भारताच्या साखर धोरणाविरुद्ध तक्रार केली. डिसेंबर 2021 मध्ये निकाल भारताच्या विरोधात लागला. उसाला कायद्याने बांधून दिलेला दर हाही त्या तक्रारीचा भाग होता, म्हणजे भवानीनगरच्या आणि माळेगावच्या काट्यावर येणारा ऊस जिनिव्हात तोलला गेला. भारताने अपील केलं. ते ऐकणारं मंडळ डिसेंबर 2019 पासून सदस्यांअभावी बंद आहे, म्हणून निकाल लागू झालेला नाही. एवढ्या पातळ आधारावर दोन तालुक्यांचं अर्थकारण उभं आहे, आणि हे ऊस उत्पादकाला कुणी नीट सांगितलेलं नाही.

आणि एक वस्तू, जी आपल्याकडे कधी नव्हतीच: तहाला संमती देण्याचा लोकांचा हक्क. राज्यघटनेच्या सातव्या परिशिष्टात केंद्राच्या सूचीतली चौदावी नोंद परराष्ट्रांशी करारांची आहे. राज्याच्या सूचीतली चौदावी नोंद शेतीची. कलम 253 प्रमाणे करार पाळण्यासाठी संसद राज्याच्या विषयातही कायदा करू शकते. करार करण्याआधी मात्र त्याला संसदेची मंजुरी घ्यावी, असा कायदा आपल्याकडे नाही. ब्रिटनमध्ये 2010 पासून असा नियम आहे की मान्यतेआधी करार एकवीस बैठकांचे दिवस संसदेपुढे ठेवायचा. 24 जुलै 2025 रोजी भारत आणि ब्रिटन यांच्यात व्यापार करार झाला. त्यांच्या संसदेला तो अडवता येण्याची वाट कायद्यात आहे, आपल्या संसदेला नाही. राज्यघटनेच्या कामाचा आढावा घेणाऱ्या व्यंकटचलय्या आयोगाने 2002 सालीच सुचवलं होतं की राज्यांच्या विषयांना भिडणाऱ्या करारावर सही करण्याआधी आंतरराज्य परिषदेशी सल्लामसलतीचा विचार व्हावा.

तेव्हा पुढच्या प्रचारात कुणी मत मागायला आलं, तर पाण्याच्या आणि दराच्या प्रश्नाबरोबर हाही प्रश्न विचारा: कराराचा मसुदा सहीआधी संसदेत आणि त्यातली शेतीची कलमं विधानसभेत मांडण्याचा कायदा तुम्ही मागणार का? उत्तर लेखी घ्या.