चालता येतंय ना?

सेटवर कुणी पडलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: "चालता येतंय ना?" पडलेला माणूस धडपडत उठतो, चार पावलं टाकून दाखवतो, आणि सगळे आपापल्या जागी परततात. फिजिओथेरपिस्ट म्हणून मी चित्रपट-मालिकांच्या युनिटबरोबर काम करते, आणि या प्रश्नाची मला धास्ती वाटते. ज्याला तो विचारला जातो, त्याला त्या घटकेला खरं उत्तर ठाऊकच नसतं.

दुसऱ्या महायुद्धात हेन्री बीचर या भूलतज्ज्ञाच्या लक्षात आलं, की गंभीर जखमा झालेले कितीतरी सैनिक मॉर्फिन मागतच नाहीत. पुढे १९६५ मध्ये मेलझॅक आणि वॉल यांनी मांडलं, की मज्जारज्जूत वेदनेच्या संदेशांना जणू एक दार असतं आणि मेंदू ते वरून लोटून घेऊ शकतो. सेटवर ते दार लोटायला कारणं कमी नसतात. उजेड उतरत असतो, शंभर माणसं खोळंबलेली असतात, दिग्दर्शक मॉनिटरसमोरून हललेला नसतो.

२०१७ मध्ये लंडनला 'मिशन: इम्पॉसिबल – फॉलआउट'च्या चित्रीकरणात एका इमारतीवरून दुसरीवर झेप घेताना टॉम क्रूझचा घोटा मोडला. तरी तो वर चढला आणि लंगडत कॅमेऱ्यासमोरून गेला. तोच टेक चित्रपटात आहे. नंतर काम कित्येक आठवडे बंद राहिलं. त्याच्याही आधी, १९२४ च्या 'शेरलॉक ज्युनियर'मध्ये रेल्वेच्या टाकीतलं पाणी अंगावर कोसळून बस्टर कीटनची मान रुळावर आपटली. ती मोडली होती, हे कळलं अनेक वर्षांनी काढलेल्या एक्स-रेमध्ये.

म्हणजे मोडलेल्या हाडावरही माणूस चालतो. १९९२ मध्ये कॅनडातल्या ओटावाच्या डॉक्टरांनी घोट्याच्या तपासणीचे नियम प्रसिद्ध केले. त्यात चार पावलं टाकता येणं हा एक भाग आहेच, पण तेवढ्यावर भागत नाही. घोट्याच्या दोन्ही बाजूंच्या हाडांची मागची कड खालच्या सहा सेंटिमीटरपर्यंत दाबून बघायची. तिथे दुखलं, तर माणूस चालत असला तरी एक्स-रे काढायचा. या तपासणीला दोन मिनिटं लागतात. सेटवर ती दोन मिनिटं मिळवणं हेच माझ्या कामातलं सगळ्यात अवघड काम आहे. गार स्प्रे मात्र लगेच हजर होतो, आणि कुणीतरी इंजेक्शनसाठी डॉक्टरला फोनही लावलेला असतो. इंजेक्शनने वेदना उतरते, फाटलेल्या लिगामेंटमध्ये बळ येत नाही. त्याच पायावर पुन्हा उडी मारायची असते. वेदनाशामकाला माझा विरोध नाही. तपासणी झाल्यावर, काम थांबल्यावर जरूर द्यावं. पुढचा टेक मिळावा म्हणून देऊ नये.

ललिता पवारांची हकिकत आपण फार कौतुकाने सांगतो. १९४२ मध्ये 'जंग-ए-आझादी'च्या सेटवर भगवानदादांची थप्पड जोरात बसली, चेहऱ्याला पक्षाघात झाला, डावा डोळा कायमचा अधू झाला. वर्षानुवर्षं उपचार घेऊन त्या परतल्या आणि त्याच चेहऱ्याने त्यांनी खाष्ट सासवा अजरामर केल्या. त्यांच्या जिद्दीपुढे मी हात जोडते. पण नायिका म्हणून त्यांच्या वाट्याला येऊ शकली असती ती सगळी कामं त्या एका टेकने हिरावून घेतली, हेही त्याच हकिकतीत सांगायला हवं.

निदान पडलेल्या माणसाला कुणी काही विचारतं तरी. बूम धरणारा पडत नाही. लांब दांड्याच्या टोकाला माइक, दोन्ही हात डोक्यावर, आणि सीन संपेपर्यंत हलायचं नाही. हात असा वर राहिला की खांद्यातला स्नायुबंध हाडाखाली चेपला जातो. असं वर्षानुवर्षं झालं की रात्री त्या कुशीवर झोपता येत नाही. सेटच्या वर बांधलेल्या तराफ्यावर जड दिवे चढवणाऱ्या लाइटमनची कंबर अशीच हळूहळू जाते. विचारलं तर दोघंही म्हणतात, "काही नाही मॅडम, चालतंय." आज दुखतं म्हटलं तर उद्या दुसऱ्याला बोलावतील, हे त्यांना पक्कं माहीत असतं. १९८२ मध्ये 'कुली'च्या सेटवर अमिताभ बच्चन जखमी झाले तेव्हा चित्रपट त्यांच्यासाठी थांबला, आणि ते योग्यच झालं. रोजावर काम करणाऱ्यासाठी कोण थांबणार?

म्हणून नव्या युनिटबरोबर काम ठरवताना मी दोन गोष्टी आधीच मान्य करून घेते. जखमी माणसाने पुढचा टेक द्यायचा की नाही, हे त्याने किंवा दिग्दर्शकाने नव्हे, तपासणाऱ्याने ठरवायचं. आणि काम थांबवलं तरी त्याचा त्या दिवसाचा पगार पूर्ण द्यायचा. दुसऱ्या अटीवर घासाघीस जास्त होते. एका निर्मात्याने ती मान्य करून सकाळीच सगळ्यांसमोर जाहीर केली, तर दुपारच्या जेवणाआधी एक लाइटमन कंबर दाखवायला आला. कित्येक महिने पट्टा बांधून काम करत होता. त्याला उचलाउचलीतून काढून दिव्यांचा उजेड कमी-जास्त करणाऱ्या डिमरवर बसवलं आणि व्यायाम सुरू केले. संध्याकाळी त्याने बूमवाल्यालाही माझ्याकडे आणलं.