सेवास्तोपोलची मुदतवाढ

"रविवारी रात्री नऊला तू त्या लॅपटॉपवर नक्की करतेस तरी काय?" हा प्रश्न आमच्या घरात इतक्या वेळा विचारून झाला आहे की एकदा नीट लिहूनच टाकते. तर मंडळी, मी पंच असते. सात माणसं आठवडाभर एकमेकांना थापा मारतात आणि रविवारी मी निकाल लावते. फुकट.

खेळाचं नाव डिप्लोमसी. अ‍ॅलन कॅल्हॅमर या अमेरिकन माणसाने तो १९५४ मध्ये रचला आणि १९५९ मध्ये स्वतःच्या खर्चाने पाचशे प्रती काढून विकला. १९६३ पासून लोक तो टपालाने खेळू लागले. (कॅल्हॅमर स्वतः पुढे पोस्टमन झाला, हे मला फार आवडतं.) आम्ही ईमेलवर खेळतो. पहिल्या महायुद्धाआधीचा युरोप, सात सत्ता, नकाशावर ३४ ठाणी. ज्याच्याकडे १८ झाली तो जिंकला. फासे नाहीत, पत्ते नाहीत. कोणता देश वाट्याला येतो तेवढंच काय ते नशीब. प्रत्येक सैन्याची ताकद सारखीच, त्यामुळे शेजाऱ्याच्या मदतीशिवाय कुणी फार पुढे जात नाही. आणि मदतीचं वचन पाळायची सक्ती कुणावरच नाही! आठवडाभर खलबतं करायची, मग सगळ्यांनी आपापल्या चाली पंचाला कळवायच्या, आणि त्या एकाच वेळी उघड होणार.

डाव १९०१ च्या वसंतात सुरू होतो. आठवड्याला एक चाल धरली तर १९१० उजाडेपर्यंत आपले पाच-सहा महिने गेलेले असतात. तेवढ्या काळात माणसांच्या परीक्षा होतात, नोकऱ्या बदलतात, लग्नंसुद्धा होतात. सगळ्यांना सोयीची वेळ शोधणं हे पंचाचं पहिलं दुखणं. पुण्यातले रात्रीचे नऊ म्हणजे न्यू जर्सीत सकाळचे साडेअकरा, पण नोव्हेंबरात त्यांची घड्याळं मागे गेली की साडेदहा. दरवर्षी कुणीतरी यात गोंधळतंच.

नकाशा रंगवणं, चाली ताडून पाहणं हे काम आता संगणकही करतो. पंच लागतो तो दुसऱ्याच गोष्टींसाठी. या खेळात सगळ्यांना सगळं खोटं बोलायची मुभा आहे. माझ्याकडे फक्त एकच गोष्ट बंद, पंचाच्या नावाने पत्र पाठवायचं नाही. सातही जण एकमेकांवर अविश्वास दाखवू शकतात ते कुठेतरी एक माणूस खोटं बोलत नाही या भरवशावर. म्हणून मी वेळ संपेपर्यंत कुणाच्या चाली उघडत नाही. अर्थात मी उघडत नाही हे तपासायची सोय कुणाकडेच नाही.

मागच्या एका डावात हे सगळं अंगाशी आलं. टर्की होता माझा मामेभाऊ. रशिया होती एक मैत्रीण, तिचं नाव इथे नको. १९०३ चा वसंत. टर्कीचं आरमार काळ्या समुद्रात, सैन्य आर्मेनियात, आणि समोर सेवास्तोपोल. रशियाची चाल आलीच नाही तर नियमाने तिची सैन्यं जागच्या जागी उभी राहणार, टर्कीचे दोन विरुद्ध एक, सेवास्तोपोल गेलं. पण मॉस्कोतून मदतीची चाल आली तर दोन विरुद्ध दोन, आणि कुणीच हलणार नाही.

त्या रविवारी दुपारी भावाचा फोन. "ताई, सगळ्यांच्या चाली आल्या का गं?" किती साधा प्रश्न! पण याचं उत्तर देणंसुद्धा फितुरी आहे. कुणाची चाल यायची बाकी आहे हे कळलं की कुणावर हल्ला करायचा तेही कळतं. मी म्हटलं, नऊला बघ.

पाच वाजता रशियाचं पत्र आलं. आई अतिदक्षता विभागात. तीन दिवस मिळतील का? आणि खाली एक ओळ: कारण कुणाला सांगू नकोस, मला डावात दया नको.

वेळेआधी मागितली तर मुदतवाढ, हा माझा नियम पहिल्या दिवसापासून होता. मी सातही जणांना कळवलं: बुधवारी रात्री नऊ. कुणी मागितली, का मागितली, काही नाही.

बुधवारी मॉस्कोची मदत आली आणि सेवास्तोपोल वाचलं. भावाने मला लांबलचक पत्र लिहिलं. त्यात 'पक्षपात' हा शब्द दोनदा होता. त्याच्या जागी मीही तेच समजले असते. उत्तरात मी नियम पुन्हा चिकटवला, बस्. पुढच्या आठवड्यात मामीचा फोन: "अगं, त्याला काय बोललीस तू? जेवताना गप्प असतो." मामीला काळा समुद्र कसा समजावणार? वाढदिवसाला भाऊ आला, केक खाल्ला, माझ्याशी हवापाण्याचं बोलला.

दोन चालींनंतर रशियाने डाव राखीव खेळाडूकडे दिला. आई गेल्या होत्या. तेव्हाही मी सगळ्यांना फक्त बदली खेळाडू कळवला. भावाने त्याच्याकडून १९०४ मध्ये सेवास्तोपोल घेतलं आणि 'अखेर' असा एका शब्दाचा मेल मला पाठवला. चार महिने मी गप्प. पंच म्हणून ते बरोबरच होतं, बहीण म्हणून जड गेलं.

हे सगळं तिला विचारून लिहितेय. भावालाही आता इथेच कळेल. परवानगी देताना तिने नवा डाव कधी, असं विचारलं, या वेळी तिला टर्की हवी आहे म्हणे. मी सांगितलं, देश चिठ्ठ्या टाकूनच मिळतील.