आधी नाकाने

साठी उलटली की माणसाने काशीला जावे, असे म्हणतात. मी वाइन चाखायला गेलो. आणि तोही एकटा नव्हे, सौभाग्यवतींना बरोबर घेऊन!

अपराध आमच्या सूनबाईचा. नाशकात आमच्या घराजवळ एक लहानसे उपाहारगृह आहे. तेथे महिन्यातून एकदा तीन घोट नि तीन घास असा बेत असतो. माणशी सहाशे रुपये. सूनबाईने परस्पर चार जागा राखून ठेवल्या. मी मनातून हरखलो. पण हिचा चेहरा पाहून गप्प बसलो. हिचे वडील दारूपायी गेले. चाळीस वर्षांच्या संसारात आमच्या घरी बाटली आली ती खोकल्याच्या औषधाची.

"येईन," ही म्हणाली, "पण ओठाला लावणार नाही."

यजमान तरुण होता, द्राक्षबागाईतदाराचा मुलगा. आपल्याकडे वेलीची छाटणी दोनदा होते, एप्रिलमध्ये खरडछाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी. वाइनची द्राक्षे उतरतात ती जानेवारी ते मार्चमध्ये, असे त्याने सांगितले. मग म्हणाला, "पेला फिरवा. आधी नाकाने प्यायची."

पहिली सोव्हिन्यों ब्लाँ. मी मोठ्या जाणकाराच्या थाटात नाक खुपसले. मला वाइनचा वास आला! हिने आपला पेला नुसता नाकाशी नेला आणि विचारले, "आत कुणी ढोबळी मिरची चिरतंय का?"

यजमानाच्या हातातली कोथिंबीरवडीची बशी हातातच राहिली. "काकू, दोन्हींत एकाच जातीचं गंधद्रव्य असतं!"

वडीचा तेलकटपणा त्या आंबटसर घोटाने कसा झटकन धुऊन निघाला! पुढची शेनिन ब्लाँ किंचित गोड. झणझणीत भरल्या वांग्याचा तिखटपणा त्या गोडीने निवला. "पिकला पेरू," हिने निकाल दिला.

शेवटची तांबडी शिराझ. हा रंग आणि हा तुरटपणा सालींतून येतो म्हणे. माझी जीभ कच्चे जांभूळ चावल्यासारखी आवळली. पण सुक्या मटणाचा घास घेताच तो तुरटपणा मऊ झाला. ही मात्र डोळे मिटून म्हणाली, "मिरी. आत्ता कुटलेली." तेही खरे निघाले. मिऱ्यांतला तो वास शिराझमध्येही असतो. चाळीस वर्षे फोडणीपाशी उभे राहिलेले नाक ते! शेजारच्या टेबलावरची मंडळीही मग आपापले पेले हिच्याकडे पाठवू लागली. हिच्या वाटणीचे तीन पेले कोणी संपवले, हे मात्र विचारू नये.

परतताना रिक्षात ही बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "किती थोडं थोडं ओतत होता तो पोरगा, नाही? दादा एका दमात घशाखाली ओतायचे. वाससुद्धा घेत नसत."

लग्नानंतर हिच्या तोंडून 'दादा' हा शब्द रागावाचून मी कधी ऐकला नव्हता. मी काही बोललो नाही.

घर जवळ आले, तशी ही पुन्हा म्हणाली, "शुद्धीवर असले, म्हणजे बाजारातून येताना माझ्यासाठी द्राक्षं आणायचे. कागदाच्या पुडीत. एकेक मणी पुसून द्यायचे."

रिक्षा दाराशी थांबली, तरी आम्ही दोघे क्षणभर तसेच बसून राहिलो.