ओहोटीच्या वेळी ये

सिडनी
रविवार, सकाळ

प्रिय ओंकार,


नव्या टाकीचा फोटो पाहिला. प्रवाळ छान धरलंय. रात्री आठला घरी येऊनही तू पाण्याची क्षारता रोज तपासतोस, हे वाचून माझ्या दादाची आठवण आली. तोही तुळशीच्या कुंडीला इतकंच जपायचा. पण फोटोखाली तू जे लिहिलंस, त्याने रात्री नीट झोप लागली नाही. दुकानदाराकडे फिलिपिन्सहून निळ्या वलयांचा ऑक्टोपस आलाय आणि शनिवारी तू तो घरी आणणार आहेस.

दुकानदाराने सांगितलं तेवढं खरं आहे. प्राणी लहान, तळहातावर मावेल एवढा. फार मोठी टाकी लागत नाही, छोटे खेकडे आणि कोळंबी खातो, आपणहून कुणाच्या अंगावर जात नाही. उरलेलं मी सांगते. मी तीस वर्षं भूलतज्ज्ञ म्हणून काम केलं आणि त्याहून जास्त वर्षं या प्राण्याच्या किनाऱ्यावर राहिले.

त्याच्या लाळेत टेट्रोडोटॉक्सिन असतं. जपानी फुगू माशात असतं तेच. दोन्ही विषं एकच आहेत हे १९७८ साली सिद्ध झालं. मज्जातंतूंमधून संदेश पुढे जातो तो सोडियमच्या सूक्ष्म दारांमधून, आणि हे विष ती दारं बंद करतं. ओठ बधिर होतात, जीभ जड होते, हातपाय गळतात आणि शेवटी श्वासाचे स्नायू थांबतात. भूल देताना आम्हीही स्नायू सैल करणारं औषध देतो, पण त्याआधी माणसाला झोपवतो. हा क्रम चुकू नये म्हणून मी आयुष्यभर डोळ्यांत तेल घालून काम केलं. या विषात झोपेचा भाग नाही. माणूस जागा असतो, भोवतालचं बोलणं त्याला ऐकू येत असतं, पण पापणीही हलवता येत नाही. बाहुल्या विस्फारतात, बघणाऱ्याला वाटतं सगळं संपलं, आणि तो प्रयत्न सोडून देतो.

उतारा नाही. आहे तो फक्त श्वास. कुणीतरी तोंडाने श्वास देत राहायचा, मग व्हेंटिलेटर. तेवढं साधलं तर साधारण दिवसभरात विष उतरतं आणि माणूस उठून घरी जातो. म्हणून ‘याने मेलेली माणसं मोजकीच’ असं तू लिहिलंस ते बरोबर आहे. पण बाकीची वाचली कारण शेजारी कुणीतरी होतं. चावा पुष्कळदा दुखतही नाही. १९५४ मध्ये डार्विनजवळ एका तरुणाने असाच छोटा ऑक्टोपस गंमत म्हणून खांद्यावरून फिरू दिला. सुमारे दोन तासांत तो गेला. तू टाकीची काच घासशील ती रात्री अकराला, मेघना आणि आर्या झोपल्यावर. त्या वेळी तुझ्या शेजारी कोण असणार आहे?

आणि टाकीतून तो बाहेर येणार नाही, असं धरून चालू नकोस. २०१६ साली न्यूझीलंडच्या नेपियरमधल्या राष्ट्रीय मत्स्यालयातून इंकी नावाचा ऑक्टोपस झाकणाच्या फटीतून निघाला, जमिनीवरून सरपटत गेला आणि निचऱ्याच्या नळातून थेट समुद्र गाठला. तो तर मोठ्या जातीचा होता. ऑक्टोपसला हाडं नसतात. कडक अशी काय ती चोच, ती शिरली की बाकीचं अंग मागोमाग येतं. पंपाची वायर जाते तेवढी फट याला पुरते. बाहेर तो फार वेळ जगणार नाही, पण विष मेलेल्या अंगातही राहतं. आर्या अजून रांगते आणि गालिच्यावर सापडेल ते तोंडात घालते.

तरीही एवढंच असतं तर मी तुला घट्ट झाकणाबद्दल लिहून थांबले असते. तुला मुळात हवी आहेत ती निळी वलयं, म्हणून त्यांच्याविषयी ऐक. निवांत असला की हा प्राणी पिवळट तपकिरी असतो, दगडाच्या रंगात मिसळलेला, आणि वलयं फिकी, जेमतेम दिसणारी. प्रत्येक वलयात प्रकाश परतवणारे पातळ थर असतात, एरवी कातडीच्या घडीत झाकलेले. तो घाबरला की स्नायू हलतात, घड्या उघडतात आणि सेकंदाच्या एक तृतीयांशाहून कमी वेळात निळा रंग लखलखतो. ‘जवळ येऊ नका’ एवढंच त्याला सांगायचं असतं. म्हणजे तू त्याला सुखात ठेवलंस तर दगडाआड एक तपकिरी ठिपका दिसेल. पाहुण्यांना निळा रंग दाखवायचा तर रोज त्याला घाबरवावं लागेल. ओंकार, तू ते करू शकणार नाहीस. लहानपणी पिंजऱ्यातला पोपट पाहून तू जेवला नव्हतास.

वेळही त्याच्याकडे थोडाच असतो. जन्मापासून मरणापर्यंत जेमतेम वर्ष-दोन वर्षं. मादी अंडी पायांखाली धरून बसते, खाणं सोडते, आणि पिल्लं बाहेर आल्यावर मरते. दुकानात येतो तो समुद्रातून पकडलेला, बहुतेक वाढ पुरी झालेला. त्याच्या आयुष्याचे किती आठवडे उरलेत हे दुकानदारालाही सांगता येत नाही. ते आठवडे त्याने काचेत का काढावेत?

तू नऊ वर्षांचा असताना आपण लाँग रीफला गेलो होतो, आठवतं? ओहोटी होती. तू रिकामा शिंपला उचलायला वाकलास आणि मी ओरडले, तू रागावलास. मग काठीने तो हळूच कलता केला, तर आत हाच बसला होता, सिडनीकडची जात, अंगावर निळ्या रेघा आणि पायांवर वलयं. दोन क्षण दिसला आणि कपारीत गेला. तू घरी येईपर्यंत एक शब्द बोलला नाहीस. रत्नागिरीला आजी कातळावर कालवं काढायला न्यायची, तेव्हा उलटवलेला दगड पुन्हा होता तसा ठेवायला लावायची. त्या दिवशी तो शिंपला तू न सांगता जागेवर ठेवलास.

दुकानदाराला आजच ‘नको’ म्हणून कळव. आणि डिसेंबरात तिघंही या. ओहोटीच्या वेळा मी बघून ठेवते. आर्यासाठी रबरी बूट इथे मिळतील.

तुझी,
सुधाआत्या