जुन्या कॉम्प्युटरची नवी डिस्क

नांदेडच्या ज्या उर्दू शाळेत मी शिकवते, तिच्या ऑफिसात २००२ साली घेतलेला एक कॉम्प्युटर आहे. चालू केला की पिठाच्या गिरणीसारखा घरघरतो. आमचे शिपाईमामू त्याला 'बडे मियाँ' म्हणतात. नव्यासाठी पैसे नाहीत हे तो न बदलण्याचे एक कारण, आणि दुसरे कारण इनपेज. वीस वर्षांच्या प्रश्नपत्रिका आणि दाखले जुन्या इनपेजमध्ये आहेत आणि ते इनपेज फक्त बडे मियाँच चालवतात.

२०२३ च्या उन्हाळी सुट्टीत मी एक काम अंगावर घेतले. शाळेची दाखिल-खारिज रजिस्टरे, म्हणजे मराठी शाळांत ज्याला जनरल रजिस्टर म्हणतात ती, लाकडी कपाटात पडून होती. पाने पिवळी पडलेली, कडा वाळवीने खाल्लेल्या, शाई विटलेली. पान उलटले की कोपरा हातात यायचा. मी ठरवले, एकदाच प्रत्येक पान जपून उलटायचे, मोबाईलने फोटो काढायचा आणि कॉम्प्युटरमध्ये ठेवायचा. पुन्हा रजिस्टर उघडायचे काम नको.

त्याच वर्षी सप्टेंबरात मराठवाड्यातल्या कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली. निजामकाळातले दप्तर बरेचसे उर्दूत, त्यामुळे उर्दू वाचणाऱ्यांचा शोध सुरू झाला. ज्या लिपीकडे पाहून लोक "ही आता कुठे कामी येणार?" असे विचारायचे, तिच्यात आपल्याच आजोबा-पणजोबांची नावे आहेत हे कितीतरी घरांना तेव्हा कळले. मला माझ्या कामाचा हुरूप आला.

एक फोटो साधारण ४ एमबीचा, म्हणजे अडीचशे फोटोंत एक जीबी. बडे मियाँची डिस्क होती ४० जीबीची. विंडोज तिला ३७ दाखवायचे आणि त्यातही स्वतः विंडोज, इनपेज, ऑफिसची पत्रे. हिवाळ्यापर्यंत सात हजारांवर फोटो झाले आणि पडद्याच्या कोपऱ्यात जागा संपल्याची सूचना येऊ लागली. मी सदर मुदर्रिस साहेबांना मोठ्या डिस्कसाठी अर्ज दिला. अर्ज फाईलमध्ये राहिला.

२०२४ च्या जूनमध्ये एक बागवान गृहस्थ आले. फळांचा गाडा लावतात. मुलगी बारावी पास झालेली, फार्मसीला घालायची होती. इतर मागासवर्गाच्या दाखल्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा मागतात. "मॅडम, अब्बा याच शाळेत होते. साल आठवत नाही, पन्नासच्या पुढचे असेल," ते म्हणाले. मी मोठ्या रुबाबात कॉम्प्युटरसमोर बसले. १९५५ ते १९६४ चे फोल्डर उघडायला गेले, तर फोल्डरच नाही.

क्लार्क साहेब शांतपणे म्हणाले, "मॅडम, जगा नै थी. पगारबिलां अटक गए थे. पुराना था, निकाल दिया." रिसायकल बिनही रिकामे केलेले. अकराशे फोटो होते ते. मला रडू आले, पण त्यांच्यावर रागावून काय उपयोग? पगारबिल थांबले असते तर मीच आधी ओरडले असते. 'जुने आहे' एवढ्यावर काय टाकायचे ते ठरवून आपण सगळेच मोकळे होतो.

माझे माहेर लातूरचे. धाकट्या भावाचे गंजगोलाईजवळ कॉम्प्युटर दुरुस्तीचे छोटे दुकान आहे. त्याला फोन केला. तो म्हणाला, "आपा, अब्बीच बंद करो. उसपे एक हरफ बी मत लिखो."

त्याने समजावले ते असे. फाईल डिलीट केली म्हणजे ती पुसली जात नाही. ती जागा आता रिकामी समजावी एवढीच नोंद होते. घरातला माणूस नव्हे, फक्त दारावरची पाटी काढलेली असते. नवीन काही येऊन त्या जागेवर बसेपर्यंत जुने तिथेच असते. मी डिस्क काढून घेतली, पिशवीत ठेवली आणि लोहा, अहमदपूर, चाकूर करत एस.टी.ने लातूर गाठले. रस्ताभर पिशवी मांडीवर. प्रत्येक खड्ड्याला मनात दुआ.

भावाने ती डिस्क आपल्या मशीनला जोडली, पण तिच्यावर काहीच न लिहिता फोटो दुसऱ्या डिस्कवर उतरवले. रात्री अकरापर्यंत जवळजवळ सगळे सापडले. काही अर्धेच उघडले, खाली नुसता करडा पट्टा. चौदा गेले ते गेलेच. पुढे त्या पानांचे फोटो मी पुन्हा काढले, तेव्हा दोन पाने माझ्या हातातच तुटली.

पुढच्या रविवारी भाऊ नांदेडला आला. येताना ५०० जीबीची जुनी पण धडधाकट डिस्क घेऊन आला. आमच्या मशीनमध्ये रुंद पट्टीची आयडीई केबल आणि ही डिस्क साटा, म्हणून मध्ये एक छोटे कन्व्हर्टर लावले. मशीन चालू केले तर ५०० च्या जागी जेमतेम १२८ जीबी! मला वाटले, फसलो. भाऊ हसला, "मशीन झूट नै बोलती आपा. उसकू गिनतीच उतनी आती."

मग त्याने गोलाईचे उदाहरण दिले. लातूरच्या गोलाईला सोळा रस्ते मिळतात. हो की नाही असे चार प्रश्न विचारले की सोळांपैकी कोणताही रस्ता नेमका सांगता येतो. सतरावा रस्ता निघाला तर पाचवा प्रश्न लागेल. जुने कॉम्प्युटर डिस्कवरचा पत्ता अशा २८ प्रश्नांत सांगतात. त्यातून २६ कोटी ८४ लाख ३५ हजार ४५६ घरांचे पत्ते होतात. एका घरात ५१२ बाइट, म्हणजे १३७ अब्ज बाइटांच्या थोडे वर. विंडोजच्या मोजणीत तेच १२८ जीबी. पुढची घरे रिकामी उभी असतात, पण तिथला पत्ता या मशीनला लिहिता येत नाही. २००२ च्या सुमारास हा पत्ता ४८ अंकी झाला. आमच्या मशीनचे बायोस आणि विंडोज त्याच्या आधीच्या घडणीचे.

बायोस बदलता आले असते, पण मधेच लाईट गेली तर मशीनच कायमचे बसेल, म्हणून भावाने हात लावला नाही. "१२८ में तुमारा काम हो जाता," तो म्हणाला. शिवाय सगळ्या फोटोंची दुसरी प्रत यूएसबीच्या डिस्कवर काढून दिली. ती शाळेच्या दुसऱ्या इमारतीतल्या कपाटात ठेवायला सांगितली. डिस्क कितीही मोठी असो, एकच प्रत म्हणजे प्रत नव्हेच, हे त्याचे म्हणणे मी वहीत लिहून ठेवले.

सोमवारी नोंद शोधायला बसले. १९५८ च्या पानावर बागवान साहेबांचे वडील सापडले. क़ौमच्या रकान्यात एकच शब्द होता, 'मुसलमान'. ते गृहस्थ समोर बसलेले. त्यांना हे वाचून दाखवताना माझा आवाज बसला. आमच्या किती घरांची कहाणी इथेच अडते! पिढ्यान् पिढ्या फळे विकली, पण लिहिणाऱ्याने एका शब्दात सगळ्यांना गुंडाळले.

मी विचारले, "अब्बांना भाऊ होते?" धाकटे चाचा होते. मग एकेक फोटो पाहत गेले. दुपारच्या सुट्टीनंतर १९६२ च्या पानावर ते सापडले, वेगळ्या हस्ताक्षरात, 'मुसलमान, बाग़बान'. वडिलांकडच्या रक्ताच्या नात्यातला पुरावा चालतो. मूळ रजिस्टर त्या एकाच पानाशी उघडले आणि सदर साहेबांनी उतारा दिला. बाग़बान म्हणजेच बागवान, हे मराठीत लिहून मी खाली सही केली.

ते चाचाचे पान कोणी मागितलेच नव्हते. जागा कमी म्हणून निवडून ठेवायचे म्हटले असते, तर मी स्वतःच ते गाळले असते. कोणते पान कोणाच्या कामी येईल हे आज सांगता येत नाही, मोठ्या डिस्कची गरज मला तेव्हा खरी कळली.

दाखला मिळाल्यावर बाप-लेक अर्धापूरच्या केळ्यांचा फणा घेऊन शाळेत आले. मुलीने विचारले, "मॅडम, माझं नाव कोणत्या रजिस्टरात आहे?" तिचे रजिस्टर नवे, धडधाकट, त्याचे फोटो मी काढलेच नव्हते. मी ते काढले, तिचे पान उघडले आणि फोटो घेतला. क्लार्क साहेबांनी मान वर करून विचारले, "जगा है ना मॅडम?"

म्हटले, "है. अब बहुत है."