वणव्यानंतरचा डोंगर

पुण्याहून लोणावळ्याच्या लोकलने निघालात, की कामशेतच्या पुढे मळवली स्टेशनावर उतरावे. उजव्या हाताला कार्ल्याचा डोंगर, डाव्या हाताला भाजे आणि त्याच्या मागे विसापूर व लोहगड. पावसाळ्यात ही वाट शहरच्या मंडळींनी फुललेली असते. 2025 साली लोहगडाचे नाव युनेस्कोच्या जागतिक वारशात गेले, त्यामुळे वर्दळ आणखी वाढली. पण वाचकहो, मावळचा डोंगर समजून घ्यायचा तर शिमग्याच्या सुमारास यावे.

भाजे मागे टाकून गायमुख खिंडीकडे चढू लागलात, की उतारावर कुठे वाळले गवत, तर कुठे काळे पट्टे दिसतील. ते वणव्याचे. आपल्याकडे वणवा बहुधा आपोआप लागत नाही. कोणी विडी टाकतो, कोणाच्या राबाची ठिणगी उडते, तर कोणी मुद्दाम काडी लावतो. जाळले की गवत जोमाने येते, हा समज जुना आहे. जळल्या जागी हिरवे कोंब उठून दिसतात, ही गोष्ट खरी. पण दरसाल जाळले, तर मारवेल, पवन्या यांसारखे चांगले गवत मागे पडते, कुसळी माजते आणि मोकळ्या जागेत घाणेरी व रानमोडी घुसते. त्यांना गुरे तोंड लावीत नाहीत.

लोणावळ्याला वर्षाला 4000 मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तरीही वरच्या वाड्यांना उन्हाळ्यात पाण्याची ओढ का लागते? उतार उघडा पडला, की पाणी मुरायचे सोडून माती घेऊन धावते. लोहगडावरून खाली पवनेचे धरण दिसते. शेवटी तो गाळ तिथेच जायचा.

आणि वणव्याचे दिवस म्हणजे पाखरांच्या विणीचे दिवस. टिटवी, रातवा, चंडोल, रानकोंबडी ही सारी जमिनीवरच अंडी घालतात. राजमाचीला पावसाच्या तोंडावर काजवे पाहायला माणसे लांबून येतात, त्यातून तिथल्या घरांना दोन पैसे मिळतात. त्या काजव्यांच्या अळ्या ओलसर मातीत आणि पाचोळ्यात वाढतात. पाचोळा जळाला, तर काजवे कुठून यायचे?

आता दिलासा देणारी गोष्ट. जळालेला डोंगर मेलेला नसतो. ऐन, कुंभा, आवळा, धायटी, करवंद यांची मुळे जमिनीत जिवंत असतात. लागोपाठ तीन-चार वर्षे आग लागू दिली नाही, तर खोडवे धुमारे धरतात, पाखरे आणि वटवाघळे जांभूळ-उंबराचे बी आणून टाकतात आणि त्या सावलीत भेकर, ससे परत येतात. म्हणून खड्डे काढण्याआधी राखण करावी. जिथे मुळेच उरली नाहीत, तिथे मात्र रोपे लावावीत, आणि बी जवळच्या देवराईबाहेर पडलेले घ्यावे. देवराया हेच आपल्या जुन्या रानाचे बियाण्याचे कोठार. पुण्याचे डॉ. वा. द. वर्तक आणि डॉ. माधव गाडगीळ यांनी 1970 च्या दशकात त्यांचा अभ्यास करून हे मोल जगापुढे मांडले.

राखण म्हणजे जाळपट्टा. गवत वाळू लागले, की मालकीच्या रानाच्या हद्दीवर चार-पाच मीटर रुंदीचा पट्टा कापून साफ करावा. कापलेले गवत वैरणीला येते. शेजाऱ्याने पट्टा काढला नाही, तर आपला एकट्याचा पुरत नाही. आग सातबारा वाचत नाही. म्हणून हे काम सगळ्या वाडीने मिळून करावे. वनखात्याच्या जमिनीवर आधी वनरक्षकाला विचारावे. राखीव जंगलात आग लावणे हा 1927 च्या वन अधिनियमाप्रमाणे गुन्हा आहे. धूर दिसला, तर वनखात्याच्या 1926 या क्रमांकावर कळवावे.

राबासाठी ऐनाच्या फांद्या तोडायचीही गरज नाही. चारसूत्री पद्धतीत गादीवाफ्यात भाताच्या तुसाची काळी राख मिसळतात, चौरस मीटरला अर्धा ते एक किलो. रोप ताठ आणि निरोगी येते. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्राने 1987 साली दिलेला इंद्रायणी भातही या पद्धतीने चांगला साधतो. चिखलणीला हिरवळीचे खत म्हणून गिरिपुष्पाचा पाला वापरावा. मात्र ते झाड बांधावरच ठेवावे, डोंगरावर नेऊ नये. डोंगर आपल्या मूळच्या झाडांचा.

संयुक्त वनव्यवस्थापन समित्यांसाठी राज्याने 2006-07 मध्ये सुरू केलेल्या योजनेला संत तुकारामांचे नाव दिले गेले. तुकोबांच्या देहूला जी इंद्रायणी वाहते, ती लोणावळ्याच्या याच डोंगरांतून निघते. वरच्या गावाने राखलेला उतार खालच्या गावाच्या नदीला उपयोगी पडतो.

तेव्हा दिवाळी झाली, की ग्रामसभेत एवढाच विषय काढा: यंदा जाळपट्टा कुठून कुठवर, आणि कोणत्या घरची माणसे कोणत्या दिवशी. काडीला क्षण पुरतो, रानाला वर्षे लागतात. पट्ट्याला मात्र सगळ्या वाडीचे चार दिवस पुरे होतात.